गाइडची ना-हरकत

३ मार्च, मंगळवार

“आणखी एक वर्ष काढा.” — मोठे साहेब. चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता. जणू मी कुणाकडे पाहुणी आलेय आणि ते म्हणताहेत, आता जेवूनच जा!

म्हटलं, सर, मी तीन वर्षांच्या बोलीवर आले होते. मेअखेर ती संपतात. संस्थेत माझी प्रयोगशाळा राखून ठेवलीय. त्यावर साहेब म्हणाले, “तुमच्याशिवाय हा विभाग बघणार कोण?” आणि चहा मागवला. साहेबांकडे चहा आला की विषय संपला असं समजायचं.

मला या सरकारी कचेरीत माझ्या जिभेने आणलं. भर परिषदेत उठून सरकारला झापलं होतं — विज्ञानात पीएचडी करणाऱ्या मुलांची शिष्यवृत्ती वर्ष-वर्ष अडकते, लाज कशी वाटत नाही! साहेब पहिल्याच रांगेत. “मग या आणि करून दाखवा.” आले. दाखवलं. आता शिष्यवृत्ती वेळेवर जमा होते. मुलांना गाइड देण्याचे, बदलण्याचे नियमही आमच्याच विभागाकडे आलेत. सगळं सुरळीत चाललंय आणि म्हणूनच सोडत नाहीत! सगळं बिघडवून ठेवलं असतं तर केव्हाच हाकललं असतं.

केबिनची खिडकी उघडत नाही. एसीसाठी कायमची बंद केलीय. मुंग्यांवर काम करणारी बाई मी, आणि या अख्ख्या इमारतीत एक मुंगी दिसत नाही.

८ मार्च, रविवार

धाकटीचा फोन. आठवड्यातला माझा एकच खरा दिवस.

धाकटी हे नाव मीच पाडलं. माझे बाकीचे विद्यार्थी पीएचडी घेऊन मार्गी लागले, ही शेवटची. मी इकडे यायच्या जरा आधी घेतलेली. आज फोनवरून काचेच्या वारुळातली वसाहत दाखवली. मुंग्यांनी अळ्या उचलून भलत्याच खोलीत नेऊन ठेवल्यात. मी सुटलेच! ओलावा वाढव, वरचा उजेड कमी कर, मधली वाट रुंद कर… “ते करून पाहिलं मॅडम, जानेवारीत.” म्हटलं, मग पुन्हा कर. “हो मॅडम.” गुणी पोर. कधी वर मान करून बोलत नाही.

मधेच साहेबांचा फोन आला. घ्यावाच लागतो. नंतर धाकटीला परत लावला तर तिने उचलला नाही, जेवत असेल. तिच्या प्रबंधाची दोन प्रकरणं माझ्याकडे वाचायची पडलीयत. या आठवड्यात नक्की.

१० मार्च, मंगळवार

बैठक. मग पुढच्या बैठकीच्या तयारीची बैठक. प्रकरणं राहिली.

१७ मार्च, मंगळवार

आज डोकं फिरलंय. लिहिलं नाही तर कुणावर तरी ओरडेन.

सम्राटांचा एक विद्यार्थी आला होता. सम्राट म्हणजे ते मोठे प्राध्यापक — सतरा समित्यांवर, सदा विमानात. मुलं मात्र ओंजळ भरून घेतात, कारण गाइड म्हणून त्यांच्या नावाला वजन. मुलगा चांगला तिशीचा, दाढीत दोन-चार पांढरे केस. बसल्या बसल्या रडायलाच लागला. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“सर वाईट नाहीत हो मॅडम. फोनवर फार प्रेमाने बोलतात. पण फोनवरच.”

मग गाइड बदलून का घेत नाही? तर म्हणे, बदलायचा तर आधी जुन्या गाइडची ना-हरकत लागते. मागितली की सर दुखावतात. दुखावले की पुढे नोकरीसाठी शिफारस कोण करणार? झालं! ज्याच्यापासून सुटायचं त्याचीच परवानगी मागायची! हा नियम माझ्याच विभागाचा आणि तीन वर्षांत माझं तिकडे लक्षही गेलं नाही.

नाही. जाण्याआधी हा एक नियम बदलून जाणार.

२४ मार्च, मंगळवार

मसुदा तयार. माझ्या हाताने लिहिला, कुणाला हात लावू दिला नाही. जो गाइड सलग तीन वर्षांहून जास्त काळ प्रयोगशाळेबाहेर असेल त्याला नवा विद्यार्थी मिळणार नाही, पुढे कधीही. आणि त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना दुसरा गाइड मागता येईल. ना-हरकत नको, विचारणं नको, काही नको.

उपसंचालकांनी दोनदा वाचला. माणूस असा की स्वल्पविरामाला सुद्धा पुरावा मागेल. वाचून झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, “मॅडम, मुदतवाढ घेतलीत तर हा आपल्यालाही लागू होईल.”

मी हसले. म्हटलं, मी जूनमध्ये चालले! नियम लागू होईल तेव्हा मी वारुळापुढे बसलेली असेन.

ते हसले नाहीत. तसे ते कधीच हसत नाहीत.

२ एप्रिल, गुरुवार

कात्रीत सापडले. पुरती.

साहेबांना मसुदा आवडला. इतका आवडला की मलाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं — धाडसी, दूरदृष्टीचा, आणखी काय काय. आणि मग: “पण हा राबवायला तुम्हीच हव्यात. मोठमोठी माणसं अंगावर येतील. तुम्ही जाणार असाल तर मी यात हात घालत नाही.”

म्हणजे मी गेले तर नियम गेला. मी राहिले तर नियम राहतो, पण तीन वर्षं उलटतात आणि तोच माझ्या मानगुटीवर बसतो. नवा विद्यार्थी कायमचा बंद. विद्यार्थ्यांशिवाय प्रयोगशाळा कसली! टेबलं आणि नळ.

तोडगाही साहेबांकडे तयार होता. “एक ओळ घाला की. शासकीय कामावर असलेल्यांना हा नियम लागू नाही. तुम्ही सुटलात!” मी सुटले. आणि सम्राट? ते कुठल्या शासकीय समितीवर नाहीत तेवढं सांगा! त्या एका ओळीतून पहिले तेच बाहेर पडतील आणि जाताना माझे आभार मानतील.

चहा आला.

५ एप्रिल, रविवार

धाकटीला सगळं सांगितलं. तासभर मीच बोलत होते. शेवटी तिने एवढंच विचारलं, “म्हणजे जूनमध्ये येणं नक्की नाही?” म्हटलं, बघू गं, मार्ग काढते. बिचारीला माझीच काळजी. मुंग्यांचं विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी नवऱ्याशी वाजलं. हा दातांचा डॉक्टर, त्याच्याकडे सगळ्याला एकच उपाय. “दुखतंय ना? मग उपटून टाक. राजीनामा दे.” म्हटलं, आणि त्या रडणाऱ्या मुलाचं काय? “मग राहा.” आणि माझं काय? “मग जा.” मी उशी फेकली. तो उशी उचलून म्हणाला, “तुला कुणी बांधून ठेवलेलं नाही. बांधून ठेवलंय असं सांगायला मात्र तुला आवडतं.”

रात्रभर अबोला. असं कुणी बोलतं का बायकोला!

१५ एप्रिल, बुधवार

सम्राट स्वतः आले. फुलांचा गुच्छ घेऊन. मसुद्याची बातमी फुटली म्हणायची.

गोड माणूस. खरंच गोड. आवाज कधी चढत नाही. “अहो, विद्यार्थी म्हणजे आपली मुलंच. लांब असलो म्हणून काय झालं, लक्ष सगळं तिकडेच असतं.” मग खुर्ची जवळ ओढून, “ती एक ओळ तेवढी घालून टाका. आपल्यासारख्यांचं कसं व्हायचं नाही तर?”

आपल्यासारख्यांचं! अंगाचा तिळपापड झाला. मी दर रविवारी न चुकता बोलते. माझ्या पोरीला काय हवं, काय नको, सगळं मला ठाऊक असतं. यांना स्वतःच्या विद्यार्थ्यांची नावं तरी येतात का, कोण जाणे.

गुच्छ उपसंचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांना शिंका सुटल्या.

२८ एप्रिल, मंगळवार

संस्थेतून विचारणा. जूनमध्ये येताय का, नाही तर खोली दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. उत्तर दिलं नाही.

११ मे, सोमवार

केली सही. ती ओळ न घालता.

मुदतवाढीवरही केली. दोन्ही एकापाठोपाठ, म्हणजे मधे विचार करायला नको. साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, सर, आज चहा नको.

मग केबिनचं दार लावून रडले. काचेपलीकडे चिमणी बसली होती, तिच्याकडे बघून रडले. यापुढे “मॅडम, हे बघा ना!” म्हणत कुणी नवं पोर माझ्याकडे धावत येणार नाही. मी शिकवायला जन्मले होते. उगाच नाही म्हणत, मला दुसरं काही येतच नाही.

तरी एक समाधान आहे. तो दाढीवाला मुलगा सुटला. कुणाला तरी मोकळं केलं. मी अडकले तर अडकले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

१७ मे, रविवार

धाकटीला सांगितलं, आता तू माझी शेवटची. तुझ्यानंतर कुणी नाही. तुला सगळं देणार — डोक्यात आहे नाही ते सगळं. घाईने प्रबंध देऊ नकोस, आणखी एक वर्ष लागलं तर लागू दे. मी मुदतवाढ मिळवून देते, ते माझ्याकडे लागलं.

ती म्हणाली, “मॅडम, ती प्रकरणं…” म्हटलं, वाचते गं राणी, या आठवड्यात नक्की.

आवाज भरून आला होता तिचा. माझ्यासाठी एवढं वाईट वाटून घेणारं दुसरं कोण आहे मला!

३१ मे, रविवार

धाकटीचा फोन नाही. मीही दौऱ्यावर होते.

९ जून, मंगळवार

नव्या नियमाखाली गाइड बदलून मागणाऱ्या अर्जांची पहिली बैठक. अध्यक्ष मी. शिफारशीचे फोन येऊ नयेत म्हणून अर्जदारांची नावं आधी कुणालाच सांगायची नाहीत, थेट बैठकीत वाचायची, असं मीच ठरवून दिलंय. मलाही माहीत नव्हती. उपसंचालकांनी पहिला अर्ज उघडला. वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाले, “नाव वाचण्यापूर्वी — ज्यांच्या विद्यार्थ्याचा हा अर्ज आहे त्यांनी कृपया बाहेर थांबावं.”

मी सम्राटांकडे पाहिलं. साहेबांच्या कृपेने तेही समितीवर आहेत. आता उठतील, मग उठतील म्हणून बघत राहिले. ते शांतपणे पाणी पीत होते. कुणीच उठेना. मीच जरा कडक आवाजात म्हटलं, ज्यांचा असेल त्यांनी उठावं, वेळ जातोय.

उपसंचालक मान खाली घालून म्हणाले, “मॅडम… आपल्यालाच.”

मला तर एकच विद्यार्थिनी आहे.