डिकीतला पाण्याचा कार्टन

कॅस्मिर,

अ‍ॅशलेला घेऊन मी खोर फक्कानला ताईकडे जातेय, टॅक्सीने. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे, शोधत बसू नकोस. आजचा डोंगरातला कॅम्प कॅन्सल.

सकाळी सँडविचेस ठेवायला डिकी उघडली. तंबू होता, चटया होत्या, अ‍ॅशलेची लाडकी उशीसुद्धा तू आठवणीने घेतली होतीस. पाणी नव्हतं. अरे, इथल्या वाळवंटातल्या उन्हात आपण जवळ भाजी आणायला गेलो तरी डिकीत पाण्याचा कार्टन असतो, तूच ठेवतोस. तो तू काढून बाल्कनीत ठेवलास. विसरणं वेगळं रे.

मग गाडीत ठेवलेला तुझा आजच्या रस्त्याचा नकाशा पाहिला. रास अल खैमाच्या पुढे जिथे जिथे फोनला रेंज नाही, तिथेच तुझ्या खुणा आहेत. काल अ‍ॅशलेने विचारलं, "डॅडी, व्हेन आर वी कमिंग बॅक?" तू नुसता तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलास.

हमरियातली नोकरी गेली, हे मला ठाऊक आहे. तू स्वतः सांगशील म्हणून थांबले होते. नोकरीचं काय, वसईला परत जाऊ.

हॉलमध्ये तुझा भाऊ व्हर्नन बसलाय. त्याच्यावर ओरडू नकोस, मीच बोलावलंय. तो आज तुला एकटं सोडणार नाही. फ्रीजमध्ये रस्सा आहे, दोघं जेवा.

कार्टन मी बाल्कनीतून आत आणलाय. त्यातली एक बाटली तुझ्या उशाशी ठेवलीय. उठलास की आधी ती पी, आणि मग मला फोन कर.

कॉन्सेप्टा