नुसतं अठ्ठेचाळीस

एवांथियाताई,

मी परत आजोबांकडे इस्पितळात चाललोय. सूप चुलीवर आहे. लिंबू मी पिळलंय, बिया तू काढ.

आज त्यांचं वजन केलं. अठ्ठेचाळीस किलो. आजीच्या जुन्या मापात पंचवीस ओक्के म्हणजे बत्तीस किलो. अठ्ठेचाळीस ही बत्तिसाची दीडपट, म्हणून पंचविसाची दीडपट, साडेसदतीस ओक्के. आजोबा म्हणाले, "एवढा तर आपला बोकड होता, तोही शिंगं सोडून."

सरकारने ओक्का बंद केला, पण आजीला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या मते किलो म्हणजे वाण्याने चोरून उरवलेला ओक्का. उन्हाळ्यात गिरणीच्या काट्यावर आजोबा अठ्ठेचाळीस ओक्के भरले होते, म्हणजे एकसष्ट किलोंच्या वर. तो आकडा तिला पाठ आहे. म्हणून तिला नुसतं "अठ्ठेचाळीस" सांग. तिला वाटेल, म्हातारा तसूभरही उतरला नाही. आणि आपण खोटंही बोललो नाही.

मघाशी मी तेच सांगितलं. तिने छातीवर क्रुसाची खूण केली, हसली, आणि दारातून वळून म्हणाली, "ओक्केच ना रे?"

मी म्हणालो, "बस चुकेल."

बसला अजून दोन तास आहेत. मी थांब्यावर जाऊन बसतो. तेवढं "हो" तू म्हण.

स्टाथिस