कुणबिणीचा खेळ

॥ श्री ॥
पिंपळे गुरव, १४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. जयमालास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन सगळं घर ऐकतं, म्हणून लिहिते. गौरीच्या हळदीकुंकवाला आलीस, बरं वाटलं. बबनरावांचा गुडघा कसा आहे?

दिव्याच्या कंपनीचा संगणकावरचा खेळ तू ओझरता पाहिलास. पेशवाईतली एक विकत घेतलेली कुणबीण असते, तिला सरदाराच्या घरातून सोडवायचं असतं. मी खेळले की शिपाई धरतातच. दिव्या म्हणते, आई, तू पळताना दिवे मालवत बसतेस.

तू बाहेर कुंकू लावून घेत होतीस, तेव्हा दिव्यानं तुझ्या चिमीला खेळायला बसवलं. खेळातलं वाड्याचं दार सताड उघडं होतं. चिमीनं कुणबिणीला विहिरीवर नेलं, पाणी भरलं, अंगण झाडलं, पुन्हा विहिरीवर नेलं. दिव्या म्हणाली, अगं पळ की. तर म्हणे, काम टाकून गेलं की बाई चटका देतात.

कुठली बाई, हे मी विचारलं नाही. दंडावरचा डाग मात्र पाहिला.

कामवालीचे खाडे मी कॅलेंडरवर मांडते, एक सोडत नाही. पण सुट्या तिच्या तिला देते. चिमीला आणल्यापासून पाच वर्षांत एकदा तरी घरी धाडलीस का? या दिवाळीला धाड. आणि तिचं खरं नाव काय गं?

माया आहे म्हणून विचारते, राग धरू नकोस.
तुझी ताई,
विजयश्री


चाकण, २१ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
जयमालाचा शि. सा. नमस्कार.

एकादशीला देहूला जाऊन पुण्य पुरेना, म्हणून माझ्या घरात शोधायला निघालीस?

आमच्या खोल्यांत कंपनीतली सोळा पोरं भाड्यानं राहतात, त्यांचे डबे, सासूबाईंचं अंथरूण, सगळं मीच बघते. चिमी हाताशी आहे. लेकीसारखी खाते, लेवते. लेकीला कुणी पगार देतं का? डाग म्हणशील तर दूध उतू घालवलं तेव्हाचा. आईनं तुला नाही दिला चटका?

नाव सावित्री. सासूबाईंचंच. सुनेनं सासूच्या नावानं हाका मारून भांडी घासून घ्यायची का? म्हणून चिमी. तिच्या आईनं नवरा मेल्यावर आम्हाला दिली, ती परत फिरकली नाही.

तुमच्याकडून आल्यापासून पोरगी फाटकाशी जाऊन उभी राहते. आता कुलूप घालावं लागतं. हे तुझ्या खेळाचं देणं. दिव्याला म्हणावं, पोळ्या शिक.

धाकटी म्हणून पदरात घेत आलीस, तशी घे.
जयमाला


पिंपळे गुरव, ४ ऑक्टोबर

जयमाला,

दिव्याला घेऊन तू मागे सांगितलेल्या, चिमीच्या भीमाशंकरकडच्या वाडीवर जाऊन आले. चिमीची आई सोजराबाई भेटली. ती फिरकली नाही म्हणालीस. ती तीनदा चाकणला आली होती. बबनरावांनी फाटकातच सांगितलं, पोरगी वसतिगृहात शिकतेय, आई भेटली तर अभ्यासातून मन उडेल. बाई तशीच माघारी गेली. पोरगी शिकतेय, असं ती सगळ्या वाडीला सांगते. सातवीची पुस्तकं विकत घ्यावी लागतात का, हे तिनं मला विचारलं.

तू आत ओट्याशी होतीस ना तेव्हा? मला उत्तर नको.

मी तक्रार दिली आहे. हे पत्र पोचेल तोवर पोलीस येऊन गेले असतील. आधी कळवलं असतं, तर तू पोरीला रातोरात हलवली असतीस. साहेबांनी विचारलं, आरोपी तुमच्या कोण? सख्खी बहीण, मी म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

देवापुढे बसले, पण हात जोडवेनात. आशीर्वाद लिहिला नाही, तरी आहे.
विजयश्री


चाकण, ९ ऑक्टोबर

विजयश्रीताई,

पोलीस आले. यांना घेऊन गेले, अजून सोडलेलं नाही. उद्या मलाही जायचंय. आळी दारात जमली होती.

सोबत सोजराबाई होती. सावित्री म्हणून तिनं हाक मारली, तर आत सासूबाईंनी ओ दिली. पोरगी हललीच नाही. मग बाईनं हात पुढे केले, तशी ती घाबरून माझ्याच मागे लपली. आई ओळखू आली नाही तिला. मला म्हणाली, बाई, मी काम टाकत नाही, मला देऊ नका.

बायका माझ्याकडे बघत होत्या. पोलीस बाई म्हणाल्या, तुम्हीच सोडवा. पदर घट्ट धरला होता तिनं. एकेक बोट उकलावं लागलं. शेवटचं उकलताना ती ओरडली, आणि मीच पदर फाडून दिला.

लोभाचं काही लिहीत नाही. उत्तर धाडू नकोस.
जयमाला