सामायिक भिंतीखालचे दोन खड्डे

प्रिय क्रिस्पिन,

तू एडिनबरात आणि तुझं तळघर इथे लंडनमध्ये खोदलं जातंय. आपल्या दोन घरांमधली भिंत एकच, आणि तिच्या जुन्या विटा नुसत्या चिकणमातीवर टेकलेल्या. ती खचू नये म्हणून तिच्याखाली एक खड्डा खणायचा, काँक्रीट भरून सुकू द्यायचं, मगच लगतचा खणायचा. आज तुझ्या माणसांनी लगतचे दोन एकदम उघडले. माझ्या स्वयंपाकघराचं दार लागेना, म्हणून मी पाहायला गेले.

मुकादमाला म्हटलं, "खालची माणसं वर काढा."

"मॅडम, घरी जाऊन चहा घ्या. शेजारी म्हणून या खोदकामाच्या संमतीवर सही तुमचीच आहे ना?"

"आहे. सही नाकारून भाच्याच्या कामावर देखरेखीला सर्व्हेयर नेमणं बरं दिसलं नसतं."

"मग आता कशाला तक्रार?"

"खाली दोन माणसं आहेत म्हणून."

खुर्ची आणून मी तुझ्या दारात बसले. मातीची ढकलगाडी अडली, तेव्हा दोघं वर आले. मी पालिकेला फोन केला; उद्या त्यांचा इंजिनिअर तपासायला येतोय.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस तर फोनवर "मावशी, मावशी" करशील आणि मी विरघळेन. काम कायद्याने बंद पडलं, की तुला पालिकेकडूनच कळेल.

तुझी मावशी,
ऑड्री