चेनच्या क्लिपचं तोंड

श्रीयुत धाकटे बंधू यांस,

नमस्कार. पत्राच्या माथ्यावर ‘चिरंजीव’ लिहावं की ‘श्रीयुत’, यातच माझी सकाळ गेली. ‘चिरंजीव’ लिहिलं की आशीर्वाद दिल्यासारखं होतं, आणि आशीर्वाद द्यावा असं आपल्यात सध्या काही चाललेलं नाही. म्हणून ‘श्रीयुत’. तुमची प्रकृती कशी आहे? कंबर धरायची ती अजून धरते का? घरची मंडळी खुशाल असतील. इकडे मी बरा आहे, माझी काळजी करण्याचं कारण नाही (करत असाल असं नाही, पण लिहायची पद्धत आहे). हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. त्यातून काही मागणं निघतंय असं वाटलं, तर तो वाचणाऱ्याचा दोष समजावा.

तुमच्या वहिनीच्या आजारपणाचं तुम्हाला टायरवाल्याकडून कळलंच असेल. (हा गृहस्थ तुमच्या दुकानातून माझ्या दुकानात येतो आणि माझ्या दुकानातून तुमच्या. टायर कमी विकतो, बातम्या जास्त.) आजार गेला, पण जाताना तिच्या पायांतली ताकद घेऊन गेला. घरातल्या घरात ती भिंतीला धरून फिरते, खिडकीपर्यंत जाते, तिथे खुर्चीत बसते. बाहेर जाणं बंद. आणि बाहेर म्हणजे तिला काय हवं असतं ते तुम्हाला माहीत आहे. बुधवारची गाण्याची मंडळी. पुलापलीकडच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही मंडळी दर बुधवारी दुपारी जमतात आणि एका सुरात गातात, निदान तसा प्रयत्न तरी करतात. दुखण्यात तिने औषधांबद्दल कधी तक्रार केली नाही. पण बुधवार आला की ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला ते बघवत नसे. म्हणून मी तीनचाकी बांधायला घेतली.

गाडी उत्तम झाली आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायला नाही. पुढे एक चाक, मागे दोन. पुढे मी पायडल मारणार, मागे गादीच्या खुर्चीत ती बसणार. हाताशी तिचा स्वतःचा ब्रेक दिलाय, कारण माझ्या ब्रेक दाबण्यावर तिचा लग्नापासून विश्वास नाही. तिन्ही चाकं इतकी सरळ, की फिरताना फिरतायत हेही कळत नाही. पण गाडी लांब, म्हणजे चेनही लांब. दुकानात मिळते ती एक चेन मागच्या आसापर्यंत पुरत नाही. त्यासाठी दीड चेन लागते. आणि दीड चेन म्हणजे जोड एक नाही, दोन. चेनचं तर असं, की बाकी सगळ्या कड्या कारखान्यात होतात, जोड तेवढा माणसाने करायचा असतो, आणि तुटते ती जोडातच.

आता इथे जुना विषय काढावा लागतो, नाइलाज आहे. आपल्या दुकानात चाकं माझी आणि चेन तुमची, हे वडिलांनी घालून दिलेलं. मी चेनला हात लावला नाही, तुम्ही चाकाला लावला नाही. पुढे त्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या सायकलची चेन सारखी उतरायला लागली. तुम्ही म्हणालात चाक वाकडं आहे. मी म्हणालो चेन वाईट जोडली आहे. बाई बिचाऱ्या मध्ये उभ्या राहून एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्या पायी गेल्या आणि आपण दुकानाची वाटणी केली. वाटणीत तुम्ही चाकांची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड मागितलात. तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, केवळ मला मिळू नये म्हणून मागितलात. मग मीही पोपट मागितला. (आपला पोपट हो. चेनची पिन ढकलायचं ते चोचीचं यंत्र, ज्याला वडिलांनी हिरवा रंग फासला होता.) मला तो हवा होता असं नाही. तुम्हाला नको होता, म्हणजे मिळायला नको होता. असं न्यायाने सगळं झालं. तेव्हापासून चेन तुटलेलं गिऱ्हाईक आलं की मी सांगतो, पोपट दुरुस्तीला गेलाय. काही गिऱ्हाइकांची मुलं मोठी होऊन आता ती विचारायला येतात, आला का पोपट. मी म्हणतो, येईल.

तर तो पोपट मी काढला. पुसला, तेल दिलं, कडी त्याच्या चोचीत धरली आणि दांडा फिरवायला लागलो. पिन जात होती, छान जात होती, म्हणून मी फिरवत गेलो. ती इतकी गेली की निघूनच गेली. पूर्ण बाहेर काढायची नसते, शेवटच्या पट्टीत अडकवून ठेवायची असते, हे मला ती उडाल्यावर कळलं. जमिनीवर शोधली, लोहचुंबक फिरवला, केर चाळला. वहिनी खिडकीतल्या खुर्चीतून शांतपणे म्हणाली, आधी चहा प्या. प्यायलो. पिन कपाच्या तळाशी होती. मग ती परत बसेना, तेव्हा ऐरणीवर कडी ठेवली आणि हातोड्याने बसवली. बसली, पण कडी ताठ झाली, वाकायचं नाव घेईना. चेन फिरताना दर फेऱ्याला टक्‌ असा आवाज यायचा. वहिनीने विचारलं, हे काय वाजतंय? मी म्हणालो, नवीन आहे, बोलते जरा.

बुधवारी निघालो. ती नीटनेटकी तयार होऊन बसली होती, मांडीवर गाण्याची वही. रस्त्याने चार ओळखीची माणसं थांबली, तिने हात केला. ती पाठीमागे असल्यामुळे तिचा चेहरा मी बघू शकत नव्हतो, पण ती गुणगुणत होती ते ऐकू येत होतं. मग पुलाआधीचा चढ आला. तुम्हाला आठवतो तो चढ, लहानपणी आपण दोघं एका सायकलवरून तिथे उतरून चालायचो. मी उभा राहून जोर लावला, टक्‌ झालं, आणि माझे पाय एकदम हवेत फिरायला लागले. चेन मागे रस्त्यावर पडली होती, आणि आम्ही तिच्याकडे परत निघालो होतो, उलटे. वहिनीने ब्रेक ओढला म्हणून न्हाव्याच्या दारात थांबलो, नाहीतर दुकानात गेलो असतो. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. त्याच्यामागे अर्ध्या गालाला फेस असलेलं गिऱ्हाईक आलं. दोघांनी वाकून चेन बघितली आणि गिऱ्हाईक म्हणालं, जोड कच्चा आहे. ज्याची अर्धी दाढी व्हायची आहे अशा माणसाकडून मला हे ऐकून घ्यावं लागलं. मी गाडी ढकलत घरी आणली.  वाटेत ती गुणगुणली नाही.

मग मी पिनचा नाद सोडला आणि दोन्ही ठिकाणी चेन लॉक लावलं. हे लॉक सोपं असतं. कडी घालायची, वर पट्टी ठेवायची आणि त्यावर ती माशाच्या आकाराची छोटी क्लिप सरकवायची, म्हणजे पट्टी निसटत नाही. क्लिपचं एक टोक मिटलेलं, एक उघडं. ती कोणत्या बाजूने बसवायची याला काहीतरी नियम आहे, एवढं मला अंधुक आठवत होतं, तुम्ही काम करताना मोठ्याने काहीतरी बडबडायचात त्यातलं. मी नीट विचार केला. उघडं टोक म्हणजे तोंड. तोंड जायच्या दिशेला असावं. माणसाचं असतं, बैलाचं असतं, आगबोटीचंसुद्धा असतं. तेव्हा दोन्ही क्लिपची उघडी तोंडं मी पुढे करून बसवली. याबाबतीत चूक होण्याचा प्रश्नच नाही.

तरीही तुटली. त्याच चढावर. क्लिप कुठे उडाली ते कळलं नाही, पट्टी गळून पडली, आणि आम्ही उलटे न्हाव्याच्या दारात. मी नवी क्लिप आणली, तशीच काळजीपूर्वक तोंड पुढे करून बसवली. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. माझ्या मते दोष लोखंडाचा आहे, हल्ली लोखंडात जीव राहिलेला नाही. शिवाय चढही पूर्वीपेक्षा वाढला असावा. तेलही मला संशयास्पद वाटतं. आता बुधवारी दुपारी न्हाव्यासमोरचा पाववाला दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहतो, आणि न्हाव्याने तुमच्या वहिनीसाठी दाराबाहेर खुर्ची मांडून ठेवायला सुरुवात केली आहे. आम्ही अजून घरातून निघालेलोही नसतो.

गेल्या बुधवारी मी गाडी दारात आणून घंटी वाजवली. ती आली नाही. आत गेलो तर खिडकीत बसली होती, वही मिटून बाजूला ठेवलेली. म्हणाली, “राहू द्या आता. मी घरीच बरी.” रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मला चाललं असतं, तिच्या रागाची मला सवय आहे. मी म्हणालो, अगं, या वेळी मी तेल बदललंय. ती नुसती हसली. त्या दिवसापासून घरात गुणगुणणं नाही. इतकी वर्षं मी तिला सांगत आलो, जरा गप्प बस, मला चाकाचा आवाज ऐकू दे. आता चाकाचा आवाज स्पष्ट येतो आणि मला तो नको झालाय.

मी त्या वेळी म्हणालो होतो की मोठ्या बाईंची चेन वाईट जोडली होती. ते मी मागे घेत नाही. पण परवा रिकामी गाडी घेऊन मी एकटाच त्या चढापर्यंत जाऊन आलो, आणि तिथे उभा असताना मनात आलं, की तू जोडलेली चेन असती तर आम्ही केव्हाच पुलापलीकडे गेलो असतो. आपल्या इतक्या वर्षांत तू जोडलेली एक चेन तुटून परत आलेली मला आठवत नाही. उतरून आली असेल. तुटून नाही. (वर सगळीकडे ‘तुम्ही’ लिहिलंय आणि इथे ‘तू’ झालं. खोडत नाही, कागद चांगला आहे.)

तुझ्या चाकांबद्दल टायरवाला सांगत होता. तुझ्या दुकानातून निघालेली सायकल बदकासारखी डुलत जाते म्हणे, आणि तू गिऱ्हाइकांना सांगतोस, रस्ताच तसा आहे. हे ऐकून मला आनंद झाला नाही. थोडा झाला. पण नंतर वाईट वाटलं, कारण माझ्या स्टँडवर कोणी चाक असं बसवतंय हे डोळ्यांपुढे आलं, आणि मग ते बसवणारा तूही डोळ्यांपुढे आलास, कंबर धरून वाकलेला.

असो. माहिती द्यायची होती ती दिली. लोभाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमचा,
थोरला भाऊ

ता. क. पोपट पार्सलने पाठवणार होतो, म्हणजे तुम्हाला पद्धत आठवून लिहून कळवता आली असती. पण टपालात त्याची चोच मोडायची. तो इथेच बरा. ज्याला वापरता येतो त्याने इथे येऊन वापरावा, असं आपलं माझं मत.

आणखी एक ता. क. ये असं मी म्हणत नाही. पण येणारच असलास तर मंगळवारी ये, कारण बुधवारी दुपारी निघायचं असतं. येताना स्टँड आण. डुलणारी चाकं असतील ती पण आण, सगळी आण, लाजू नकोस. तुझी बसायची फळी मी काढलेली नाही. तिच्यावर रिकामे डबे ठेवलेत, ते उचलता येतात.

भावजी,
पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली उरलेल्या जागेत लिहिते. क्लिप उलटी बसवली आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. बसल्या जागी पायाशीच तर फिरते. तुम्ही चेन जोडताना दर वेळी मोठ्याने म्हणायचात, “मिटलेलं टोक पुढे, उघडं मागे, नाहीतर अडकून उडेल.” दुकानात शिवण घेऊन बसून बसून मला ते पाठ झालंय, ऐकलं नाही ते फक्त ह्यांनी. मी बोलले असते तर ह्यांनी क्लिप फिरवली असती, आम्ही पूल ओलांडला असता, आणि तुम्हाला हे पत्र कधीच आलं नसतं. ब्रेक माझ्या हातात होता, काळजी नव्हती. तेवढा ह्यांनी चांगला बसवलाय.

उलटं जाऊन जाऊन मी कंटाळले, तरी हे कागद हातात घेईनात, म्हणून शेवटी गाणं सोडल्याचं सांगावं लागलं. ते तेवढं खरं धरू नका. घरी मी मुळीच बरी नाही. मंगळवारी या.