दुसरे पान

दिनांक ८ फेब्रुवारी २०२५, शनिवार. आज पाण्याचा दिवस. पाच दिवसांनी नळ आला. दोन पिंपे आणि चार घागरी भरल्या. माझी मरहूम बायको कौसर हिची तांब्याची कळशी घासून शेजारच्या गौरम्माला देऊन टाकली. ती या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून हयातीतच दिली. दहा वाजता लिहायला बसलो.

मी, हारून लालसाब नदाफ, वय ६७, धंदा छपाई, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मी रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे, हे वकिलांनाही मान्य आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझी मुलगी फिरदोस आणि माझा धाकटा भाऊ यांना शरियतप्रमाणे जाईल. त्यात मी बोट घालत नाही. पुढे जे देतो ते माझ्या अखत्यारीतील एक तृतीयांशात बसते. एवढेच सांगतो की मधल्या खोलीतील खिडकीजवळची खुर्ची फिरदोसने न्यावी. तिची आई तिथे बसून वाट पाहत असे. कशाची, ते कलम ३ मध्ये आहे.

२. सात रस्त्याजवळील प्रेसमधील मिनी ऑफसेट, कटिंग मशीन आणि शिल्लक कागद अतीकला द्यावा. तो एकोणीस वर्षे माझ्याकडे कामाला आहे. कौसरच्या मयतीच्या दिवशी तो म्हणाला होता, "चाचा, कागज में तो लिखा था ना." मी त्याच्याशी चार महिने बोललो नाही. तो खरे बोलला होता, म्हणूनच बोललो नाही. मशीन देताना अट एकच. ज्या कागदावर कोणा माणसाची सही घ्यायची आहे, तो कागद अतीकने आधी पूर्ण वाचावा, मग छापावा. गिऱ्हाईक हसले तर हसू द्यावे.

३. हे कलम लांब आहे. यात देण्यासारखे काही नाही, पण याच्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

ऑगस्ट २०२२ मध्ये एका खासगी संस्थेचे काम प्रेसमध्ये आले. घरातले माणूस गेल्यावर खचलेल्या बायकांना समुपदेशनाचा फायदा होतो का, असा त्यांचा अभ्यास होता. संमतीपत्र, पाठपोट, चारशे प्रती, प्रत्येकावर क्रमांक. मी शाई पाहिली, समास पाहिला, पाठपोट जुळते का ते पाहिले. चारशे कागद माझ्या हातातून गेले आणि मी एकही वाचला नाही. आमच्या धंद्यात वाचत नाहीत. अक्षर उठले की नाही तेवढे बघतात.

आमचा मुलगा जावेद २०२१ च्या साथीत गेला होता. गौरम्माचा नवरा त्याच महिन्यात गेला. कौसर तेव्हापासून बोलेनाशी झाली होती. मीच तिला म्हणालो की या अभ्यासात नाव दे, बरे वाटेल. कागद घरी आणला. ती उर्दू शिकलेली. मराठी बोलायची, पण वाचता येत नव्हते. पहिले पान मी वाचून दाखवले. तिने विचारले, "पिछे क्या लिखा?"

मी म्हणालो, "वहीच है सब. दस्तखत कर, मेरेकू दुकान कू जाना है."

तिने केली. "सहभागीस सर्व मजकूर वाचून दाखवला" या ओळीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तिचा क्रमांक ११७. तोही मीच मारलेला.

मागच्या पानावर होते ते असे: बायकांचे चिठ्ठीने दोन गट होतील. एका गटाला समुपदेशन लगेच, दुसऱ्याला सहा महिन्यांनंतर. या काळात त्रास वाढल्यास सहभागीने स्वतः खालील फोनवर कळवावे.

गौरम्मानेही नाव दिले होते. तिच्या चिठ्ठीच्या पाकिटात "लगेच" निघाले. कौसरच्या पाकिटात "नंतर". घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "उसकू पैले मिलने देव. मैं ठैरती. नल पे भी तो ठैरते ना." नळावरची रांग पुढे सरकते. ही सरकणारी नव्हती. तिचे थांबणे हेच त्यांना मोजायचे होते. हे तिला कोणी सांगितले नाही. कागदात होते. मी सांगितले नाही.

दर चार आठवड्यांनी संस्थेची एक मुलगी एकवीस प्रश्नांचा कागद भरून घ्यायला येत असे. कौसर तिला चहा करायची आणि विचारायची, "मेरा नंबर कब?" दहाव्या आठवड्यात कौसर स्वतःच्या हाताने जीव संपवून गेली. कशी, ते लिहीत नाही.

अभ्यासाच्या प्रमुख डॉ. हेमावती मॅडम यांना मी एकदाच भेटलो. त्या म्हणाल्या, "काका, मला खूप वाईट वाटतं. पण दोन गटांची तुलना केल्याशिवाय उपचार लागू पडतो की नाही ते कळत नाही. उद्या हजारो बायकांना याचा उपयोग होईल." ते खरे असेल. मी घरी आलो. तक्रार केली. त्यांच्या समितीचे उत्तर आले की नियमभंग झालेला नाही, माहिती लेखी दिलेली होती, पान दोन पाहावे.

२०२४ मध्ये अहवाल निघाला. त्यातील एका तक्त्यात लिहिले आहे: "दुसरा गट, मध्येच गळालेल्या: ९." घर बदललेल्या, कंटाळलेल्या आणि माझी बायको, एकाच आकड्यात.

गेल्या डिसेंबरात तीच मुलगी नवीन अभ्यासाचे काम घेऊन प्रेसवर आली. सहाशे प्रती. सोनम तिचे नाव, करकंबची. मला ती ओळखत नव्हती, मी दिवसभर दुकानात असायचो. मी कागद उलटून मागचे पान वाचू लागलो.

"काका, त्ये वाचायचं न्हाय, छापायचंय," ती हसून म्हणाली.

"मुली, मागच्या खेपेला तेच केलं."

तिने वर पाटीकडे पाहिले. नदाफ. "तुमी कौसर आजीचे..." म्हणाली आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. मग तिने सांगितले. "आठव्या आठवड्याला एकोणिसाव्या प्रश्नाला त्या व्हय म्हणल्या. जगण्यापरीस न जगणं बरं वाटतं का, ह्यो प्रश्न. मी खूण केली. पाकीट बंद करून द्यायचं, समदी पाकिटं शेवटी उघडणार, मधी कुणाशी बोलायचं न्हाय, असं सांगितलं हुतं. चहा पिऊन उठले मी, काका."

"साखर किती होती चहात?" असे मी विचारले. का विचारले ते मला माहीत नाही.

"लई," ती म्हणाली.

तुलनेसाठी उपचार थांबवला, हे मी एक वेळ समजून घेईन. "होय" हा शब्द बंद पाकिटात सहा महिने ठेवून कोणाची तुलना होणार होती, याचे उत्तर मॅडमनी मला दिलेले नाही. त्यांचे काम मी परत पाठवले. सोनमने नोकरी सोडली. तिला मी माफ केले असे कोणी समजू नये, तीही समजत नाही.

४. कागदावर क्रमांक मारायचे नंबरिंग मशीन अतीकला देऊ नये. ते ११७ वर लावून, संस्थेने आभार म्हणून दिलेल्या स्टीलच्या डब्यात घालून, डॉ. हेमावती मॅडम यांच्या हातात फिरदोसने नेऊन द्यावे. टपालाने पाठवू नये. डबा आमच्या घरात एकदाही वापरलेला नाही.

५. बँकेतील मुदत ठेव एका कामासाठी आहे. अहवालातील ९ चे ८ व्हावेत आणि खाली वेगळ्या ओळीत "वाट पाहत असताना मृत्यू: १" असे छापले जावे. तोपर्यंत फिरदोसने वकिलामार्फत तक्रार चालू ठेवावी. दिलगिरी, सत्कार, कौसरच्या नावाने व्याख्यान असले काही देऊ केल्यास नाकारावे. मला एक ओळ पाहिजे. ती किती मोठी असते ते मी जन्मभर मोजले आहे.

६. मागच्या महिन्यात संस्थेतून फिरदोसला फोन आला होता. "शोकग्रस्त कुटुंबीयांचे अनुभव" असा त्यांचा आता नवा विषय आहे. माझ्या मरणानंतर तिने त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नये. माझी पत्रे, कौसरचे फोटो, हे मृत्युपत्र, यातले काहीही कोणत्याही अभ्यासाला देऊ नये. नाव बदलून सुद्धा नाही.

७. साक्षीदारांनी सर्व पाने, पुढून आणि मागून, वाचल्याशिवाय सही करू नये.

वाचन झाले ते असे. गौरम्माला फक्त कन्नड वाचता येते, म्हणून सोनमने मोठ्याने वाचले. स्वतःचे बोलणे आले तिथे ती भरभर वाचू लागली. गौरम्मा म्हणाली, "पळू नको गं. परत वाच." कलम ३ दोनदा झाले. मग गौरम्मा मला म्हणाली, "अण्णा, पाकीट बदलून देते म्हणले होते की मी त्या दिवशी. कौसरला आधी बसवा म्हणले. असं चालत नाही म्हणाली पाकिटं वाटणारी बाई. हे का नाही लिहिलं?"

मला माहीत नव्हते. कौसरने सांगितले नव्हते. गौरम्माच्या सांगण्यावरून ते येथे लिहिले आहे.

हारून लालसाब नदाफ (सही)

साक्षीदार:
१. गौरम्मा, शेजारी (कन्नडमध्ये सही, सर्व ऐकले, एक भाग दोनदा)
२. सोनम, रा. करकंब (सही, सर्व वाचले)

स्थळ: सोलापूर. दिनांक ८ फेब्रुवारी २०२५.

सह्यांनंतर लिहिलेले, मृत्युपत्राचा भाग नाही. साक्षीदार दीड वाजता गेल्या. कप विसळून पालथे घातले. कपाटातून संमतीपत्राची एक कोरी प्रत काढली. खिडकीजवळच्या खुर्चीसमोर बसून दुसरे पान मोठ्याने वाचले, आमच्या बोलीत, सावकाश. शेवटी फोन नंबर होता, तोही वाचला.