तुमच्या ओट्यावर उतरलेला ड्रोन

आंबी,
रविवार, जेवणं उरकल्यावर

आदरणीय सरुआक्का यांस,
तुमची धाकटी जाऊ नंदा हिचा सविनय जयभीम.

पत्राला कारण आहे, पण ते आत्ताच सांगितलं तर तुम्ही पुढचं काही ऐकून घेणार नाही, म्हणून ते शेवटी सांगते. इकडे मी खुशाल आहे. तिकडे तुम्ही, संदेश, सूनबाई प्रेरणा आणि बाळ खुशाल असाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनवरून काही पत्ता लागत नाही. तुम्ही ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणता आणि फोन बाळाच्या हातात देता. बाळ माझ्याशी तुमच्यापेक्षा जास्त बोलतं, फक्त त्याला अजून शब्द येत नाहीत. म्हणून म्हटलं, सरळ पत्र लिहावं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा प्रेरणाच वाचून दाखवणार हे धरून चालले आहे. (प्रेरणा, पोरी, जे जे कंसात असेल ते फक्त तुझ्यासाठी. ते मनातल्या मनात वाच. आक्कांनी ‘मधीच का थांबलीस’ म्हणून विचारलं तर काकींचं अक्षर लागत नाही म्हण. माझं अक्षर चांगलं आहे, पण ते त्यांना कुठे दिसतंय.)

तर आक्का, मी ड्रोन तयार केला आहे. तो उडतो.

आता तुम्ही कपाळाला हात लावला असेल. तुम्ही काय म्हणाल तेही मला पाठ आहे, ‘या वयात हे काय खूळ काढलंस’. तुम्ही इथे नसल्यामुळे ते मीच तुमच्या आवाजात स्वतःला म्हणून घेतलं आणि मग कामाला लागले. झालं असं, की तुम्ही संदेशकडे गेल्यावर मी माळा साफ करायला काढला. (माळा स्वच्छच होता गं. दिवस जाईना म्हणून काढला.) तिथे संदेशचं कॉलेजातलं खोकं सापडलं. आत चार मोटारी, एक काळी चौकट, वायरींचं गुंतवळ, रिमोट आणि डोळ्यांवर बांधायचा एक काळा चष्मा. ड्रोनला छोटा कॅमेरा असतो आणि त्याला वरून जे दिसतं ते त्या चष्म्यात दिसतं. संदेशनं सगळं अर्ध्यावर टाकून दिलं होतं. आणि त्यानं केलेलं सोल्डरिंग म्हणजे, आक्का, एकेका टाक्यावर कथलाचा हा एवढा गोळा. कारखान्यात आमच्या लाइनीवर असा जोड निघाला असता तर सुपरवायझर बाईंनी अख्ख्या लाइनीसमोर उभं केलं असतं. मला ते बघवेना. फक्त टाके नीट करावेत म्हणून बसले, आणि रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा दुपार कधी सरली ते कळलं नाही.

बाकीचं मोबाइलवर बघून बघून केलं. ती सगळी पोरं हिंदीत आणि इतकी भरभर बोलतात, की एकेक वाक्य थांबवून तीनतीनदा ऐकावं लागतं. (घरात कुणाचा तरी आवाज असतो, एवढं बरं.) पहिलं उड्डाण अंगणात केलं. पंखे दोन जातींचे असतात, काही उजवीकडे फिरणारे, काही डावीकडे. मी एका बाजूला एका जातीचे दोन आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या जातीचे दोन असे ओळीत बसवले, कसे टापटीप दिसावेत म्हणून. ते बसवायचे असतात तिरपे, कोपऱ्यासमोर कोपरा. झालं काय, ड्रोननं पुढून डोकं उचललं, मागून बूड टेकलं आणि उताणा होऊन थेट उन्हात घातलेल्या नव्या तांदळात शिरला. पंखे चालूच. इंद्रायणीचा दाणा न् दाणा गल्लीपर्यंत उडाला, एखाद्या लग्नात इतका तांदूळ उडत नाही. आळीतल्या चिमण्या आठवडाभर आपल्याच दारात मुक्कामाला होत्या. तांदूळ तरी मी एवढा कुणासाठी वाळत घातला होता कोण जाणे. दोघींच्या मापाने काढायची सवय हाताला आहे, ती जात नाही.

पुढची अडचण अशी, की तो चष्मा लावला की आपण वर असतो आणि आपले पाय कुठे आहेत ते दिसत नाही. म्हणून जवळ एक माणूस लागतं, ‘तार आली, झाड आलं, खड्डा आहे’ असं सांगायला. मी वरच्या आळीतल्या महिपती आबांना विचारलं. आबांना दमा आहे, पण नजर शाबूत आहे. आम्ही नदीकडच्या माळावर गेलो. मी चष्मा लावून विचारायची, ‘आबा, डावीकडे मोकळं आहे का?’ आबा म्हणायचे, ‘व्हय.’ ‘आबा, पुढे झाड आहे का?’ ‘व्हय.’ ‘म्हणजे आहे की नाही?’ ‘तुमी म्हनाल तसं.’ एकदा कुणीतरी वाटेवरून हाक मारली म्हणून आबा तिकडे गेले आणि मला सांगायचं विसरले. मी आपली बोलतेच आहे. शेजारी श्वास चांगला घरघरत होता, मला वाटलं आबांचा दमा. मी म्हटलं, आबा, आक्का गेल्यापासून घर खायला उठतं. प्रेरणाचं बाळंतपण आटोपलं की लगेच येते म्हणाल्या होत्या, आता बाळ धरून धरून चालायला लागलं. असं पुष्कळ बोलले. आबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चष्मा काढला तर शेजारी म्हैस. (बोलून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.)

आता मुख्य हकिगत, पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारची. ड्रोनला एक सोय असते. तो लांब गेला, रिमोटचं आणि त्याचं नातं तुटलं, तर तो वाट चुकत नाही. बॅटरी लावल्यावर पहिल्यांदा जिथे चालू केला असेल ती जागा आकाशातल्या उपग्रहांवरून ध्यानात ठेवतो आणि आपला आपण तिथे माघारी येऊन उतरतो. ही सोय मी नवीनच बसवली होती. ती तपासायला वर मोकळं आकाश लागतं. माझ्या ओट्यावर फणसाची सावली, तुमच्या ओट्यावर लख्ख ऊन. (या उन्हावरून आणि सावलीवरून आमची दर उन्हाळ्यात आणि दर थंडीत भांडणं झाली आहेत, तुला सांगितली असतीलच. दोन ओट्यांमधली ती कमरेएवढी भिंतही एका भांडणातच घातली. नंतर तिचा उपयोग कालवणाची वाटी पलीकडे द्यायला झाला. वाटी रिकामी परत करायची नाही, एवढा नियम दोघींनी पाळला. त्यांची एक वाटी अजून माझ्याकडे आहे.) तर मी भिंत ओलांडून तुमच्या ओट्यावर ड्रोन ठेवला, बॅटरी लावली, चालू केला, जरासा उचलून उतरवला. दिवा हिरवा लागला. एवढ्या आनंदात मी बॅटरी न काढताच तो पिशवीत घातला आणि माळावर गेले. खरं तर माळावर बॅटरी काढून परत लावायला हवी होती, म्हणजे त्यानं माळाची जागा ध्यानात ठेवली असती. हीच ती चूक.

माळावरून तो छान उडाला. नदीचं वळण दिसलं, कापून झालेली खाचरं दिसली, लांब कारखान्यांचे पत्रे चमकत होते, त्यात आमचा कुठला ते ओळखायचा प्रयत्न करता करता तो टेकाडाच्या आड गेला आणि चष्म्यात नुसत्या मुंग्या. मी आबांना म्हटलं, आता तो इथे येईल, बघत राहा. आम्ही दोघं आकाशाकडे तोंड करून उभे. आबा म्हणाले, ‘नंदाबाई, ते तर गावाकडं निगालं.’ आणि तेवढ्यात चष्म्यात चित्र परत आलं. पाण्याची टाकी, विहारावरचा झेंडा, आपली आळी, मग तुमचा पत्रा, मग तुमचा ओटा.

ओट्यावर माणसं होती, आक्का.

वरून चेहरे दिसत नाहीत, डोकी दिसतात. एक टोपीवाला, एक गॉगल डोक्यावर चढवलेली बाई, आणि एक जण फीत धरून ओट्याची लांबी मोजत होता. ती बाई तुमच्या पायरीवर बसून बघत होती, जशी दुकानात खुर्ची बसून बघतात तशी. फीतवाला हातानं आपल्या दोघींमधली भिंत दाखवत होता आणि हात आडवा फिरवत होता. मला क्षणभर वाटलं तुम्ही आलात आणि घराचं काही काम काढलंय. मग तिघांनीही एकदम वर बघितलं, आणि चष्म्यात मोठमोठे होत जाणारे चेहरे दिसले, त्यातला एकही तुमचा नव्हता.

मी चष्मा कपाळावर चढवून जी धावत निघाले ती थेट दारात. ड्रोन तुमच्या ओट्याच्या बरोबर मधोमध, चारी पाय टेकून शहाण्यासारखा बसला होता. टोपीवाला आणि ती बाई अंगणाच्या पार टोकाला. फीतवाला म्हणजे सोमाटणे फाट्यावरचा जागांचा एजंट. तो म्हणाला, ‘मावशी, संदेशदादा बोलले न्हाईत का तुमाला? त्यांच्या आईची बाजू काढलीय न्हवं विकायला. पार्टी मुंबईची हाय, शनिवार-रविवार शांत जागा पायजे त्यास्नी.’

मी म्हटलं, बसा, चहा करते. केला. ती बाई फार सभ्य होती. तिनं ड्रोनकडे बघत विचारलं, ‘हे इथे रोज येतं का?’ मी म्हटलं, रोज. ‘कॅमेरा आहे त्याला?’ म्हटलं, आहे, चांगला आहे. ‘साधारण कधी येतं?’ म्हटलं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, उन्हाळ्यात दिवस मोठा असतो तेव्हा जरा जास्त. त्यावर ती नवऱ्याला म्हणाली, ‘आपण खंडाळ्याचा बंगला पण एकदा बघून घेऊ या.’ चहा अर्धा टाकून गेले. एजंट माझ्याकडे असा बघत होता, जशी काही मीच वरून उडत आले होते.

ते गेल्यावर मी तुमच्या ओट्यावर बसले. ऊन चांगलं होतं. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं, आता भिंतीपलीकडून ‘काय झालं गं’ विचारणारं कोणी नव्हतं. मग ओटा झाडून घेतला, मंडळी चप्पल घालून फिरली होती म्हणून.

बाकी इकडचं सगळं ठीक. तुम्ही तब्येतीला जपा. थेंब वेळेवर घाला, डोळे चोळू नका. बाळाची पापी घ्या. लहान-थोर सर्वांना जयभीम.

तुमची,
नंदा

ता. क. : त्या गडबडीत ड्रोनचे दोन पंखे चिरले. तिकडे मिळतात असं ऐकते. संदेशला म्हणावं घेऊन ये, दोन उजवे आणि दोन डावे. पार्सलनं पाठवू नको म्हणावं, पंखे नाजूक असतात, हातानेच आणून दे. आणि येताना गाडीत जागा असतेच, तर आईलाही बसव म्हणावं.

आणखी एक ता. क. : (प्रेरणा, हा तुझ्यापुरता. ती पार्टी पुढच्या रविवारी परत आली होती. खंडाळ्याचं जमलं नसावं. तेव्हाही ड्रोन येऊन उतरला. पहिल्या खेपेला माझी चूक झाली हे अगदी खरं आहे. दुसऱ्या खेपेला मी महिपती आबांच्या गच्चीवर चिरलेले पंखे चिकटवून सकाळपासून बसले होते आणि आबा ‘आली गाडी’ म्हणून सांगणार होते. त्यांनी या वेळी एकदम बरोबर सांगितलं. संदेशला एवढ्यात बोलू नकोस.)

शेवटचा ता. क. : (प्रेरणा, इथून पुढचं मात्र मोठ्याने वाच, आणि संदेश घरात असताना वाच.) आक्का, पत्राचं कारण हे. तुमची बाजू विकायला काढली आहे हे तुम्हाला माहीत होतं का, एवढं मला कळू द्या. संदेशनं तुम्हाला न विचारता केलं असेल तर त्याला मी बघून घेते, त्याला मीही कडेवर वागवलाय. तुम्हाला विचारूनच केलं असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. घर तुमचं, मुलगा तुमचा. मग फक्त एसटीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायचं मी बंद करीन. मला एकटीला करमत नाही, आक्का. उत्तर लिहून पाठवू नका, फोन करा. तुम्ही काय म्हणता त्यावर मी जाणार नाही, कसं म्हणता ते ऐकेन. इतकी वर्षं एका भिंतीला पाठ लावून राहिलोय, तुमचं मन स्वच्छ असलं की तुम्ही मला शिव्या घालता. माझ्यापासून काही लपवायचं असलं की तुमचा आवाज मऊ होतो आणि तुम्ही ‘नंदे, जेवलीस का गं’ विचारता. माझे मालक गेले त्या दिवशी दवाखान्यातून घरी येऊन तुम्ही मला एवढंच विचारलं होतं, आणि मला सगळं कळलं होतं. तर फोन करा आणि पोटभर शिव्या द्या. ड्रोनवरून द्या, तांदळावरून द्या, तुमच्या ओट्यावर परक्यांना चहा पाजला त्याबद्दल द्या. फक्त जेवलीस का म्हणून विचारू नका.